‘ढ’ कोण?

आपल्या वर्णमालेंत एक अक्षर असें आहे कीं, त्याच्या वांट्याला जेवढी बदनामी आली तेवढी दुसऱ्या कोणत्याहि अक्षराच्या वांट्याला आली नाहीं. तें अक्षर म्हणजे ‘ढ’. एखाद्या मुलास बेरीज जमली नाहीं, कविता पाठ झाली नाहीं, किंवा नकाशांत कृष्णा नदी सांपडली नाहीं, कीं आपण चटकन् म्हणतों, ‘हा ढ आहे.’ नेमकें हेंच अक्षर कां निवडलें गेलें, याचें एक मौजेचें स्पष्टीकरण जाणते लोक देतात. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आपली आजची नागरी लिपी हळूहळू घडत आली. या सव्वादोन हजार वर्षांत बहुतेक अक्षरांचीं रूपें ओळखूं येणार नाहींत इतकीं पालटलीं. परंतु ‘ढ’ मात्र जवळजवळ जसेंच्या तसें राहिलें, असें लिपीचे अभ्यासक सांगतात. म्हणून जो मुलगा वर्षाच्या आरंभीं होता तसाच वर्षाअखेरीस राहतो त्यास लोक ‘ढ’ म्हणूं लागले, असें म्हणतात.

ही व्युत्पत्ति खरी असो वा कल्पित असो, त्या शब्दांतील विष तिच्यामुळें नेमकें उघडें पडतें. ‘अमक्याला अपूर्णांकांची बेरीज येत नाहीं’ हें एका दिवसाचें वर्णन झालें. ‘अमका ढ आहे’ हा निवाडा आहे, आणि शिवाय तें भविष्यहि आहे. तो आज चुकला एवढेंच आपण सांगत नाहीं. तो कधींहि पालटणार नाहीं असें आपण, कोणीं विचारलें नसतांना, जाहीर करून टाकतों.

विद्यार्थिमित्रांनो, अशा निवाड्यानें ज्याच्यावर तो होतो त्याचें नुकसान होतें हें तुम्हांस सांगावयास नको. तुमच्यापैकीं पुष्कळांनीं तें सोसलें आहे. मला या लेखांत समजावून सांगावयाचें आहे तें थोडें निराळें आहे. जो निवाडा करतो त्याचे डोळे त्या क्षणीं मिटतात. पुढें घडणारें त्यास दिसेनासें होतें.

एक साधें उदाहरण घेऊं. समजा, एका मुलानें अर्धा आणि एक-तृतीयांश यांची बेरीज दोन-पंचमांश अशी लिहिली. तपासणाऱ्यानें तांबडी फुली मारली आणि प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिला, ‘गणित कच्चें’. आतां तें उत्तर जरा थांबून पाहिलें, तर त्या मुलानें काय केलें आहे तें स्वच्छ दिसतें. त्यानें वरचे दोन अंक मिळविले, एक आणि एक दोन. खालचे दोन अंक मिळविले, दोन आणि तीन पांच. म्हणजे त्यास बेरीज येते. अंश आणि छेद मिळून एकच संख्या होते एवढेंच त्यास अजून उमगलेलें नाहीं. अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवावी, तीवर आणखी एक तुकडा ठेवावा, आणि विचारावें, ‘आतां तुझ्याजवळ अर्ध्या भाकरीहून कमी झाली का?’ दोन-पंचमांश हे अर्ध्याहून कमी आहेत हें त्यास दाखवून दिलें, कीं आपल्या उत्तरांत कांहीं तरी बिघडलें आहे हें त्याचें त्यालाच कळतें. ‘गणित कच्चें’ या शेऱ्यावरून उद्यां काय करावें तें मास्तरांस कळत नाहीं, आईबापांस कळत नाहीं आणि मुलासहि कळत नाहीं. ‘छेद समान करण्यापूर्वींच बेरीज करतो’ असें लिहिलें असतें तर तिघांसहि कळलें असतें. लिहिण्यास फार तर चार शब्द अधिक लागतात. पण ते लिहिण्यासाठीं चूक वाचावी लागते, आणि खरी मेहनत तीच आहे.

वर्गापेक्षां ही गोष्ट तालमींत अधिक लवकर समजते, आणि शाहू महाराजांनीं खासबागचें मैदान जेथें बांधलें त्या कोल्हापुरांत तालमीचा दाखला कोणास परका वाटण्याचें कारण नाहीं. लाल मातींत रोज कोणी ना कोणी चीत होतच असतो. चीत झालेला पोरगा निकामी, असें वस्ताद म्हणूं लागला तर आठ दिवसांत तालीम ओस पडेल. तो विचारतो तें निराळेंच. पट कसा निघाला? पाय कोठें होता? मान कां दिलीस? आणि त्याच पोरास पुन्हां त्याच डावावर उभा करतो, तोड बसेपर्यंत. तोंडानें तो शिव्या देत असेल, त्या आमच्या शाळांत चालावयाच्या नाहींत. पण त्याचा डोळा डावावर असतो.

असें असूनहि, शरीर पाहून मनुष्याचा निकाल लावण्याचा मोह कुस्तीच्या क्षेत्रांत सुटलेला नाहीं. याचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच गांवचा आहे. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं सातारा जिल्ह्यांत, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवीं झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. कऱ्हाडचें शालेय शिक्षण आटोपून खाशाबा कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत आले. अंगानें ते किरकोळ, उंची साडेपांच फुटांच्या आंतबाहेर. सांगतात कीं, कॉलेजच्या वार्षिक क्रीडासंमेलनांत कुस्तीसाठीं नांव द्यावयास ते गेले, तेव्हां खेळाच्या शिक्षकांनीं त्यांचा देह पाहूनच नांव घेण्याचें नाकारलें. खाशाबा हिरमुसले होऊन प्राचार्यांकडे गेले, आणि प्राचार्यांनीं त्यांस उतरूं दिलें. मग त्या संमेलनांत त्यांनीं एकामागून एक कुस्त्या मारल्या.

त्या शिक्षकांस दुष्ट ठरविण्याची घाई आपण करूं नये. नाहीं तर त्यांनीं केलें तेंच आपण त्यांच्या बाबतींत केल्यासारखें होईल. मल्ल म्हटला म्हणजे रुंद छातीचा, भरदार मांड्यांचा, हलगीच्या ठेक्यावर मैदानांत उतरणारा गडी, हें चित्र त्या काळीं कोल्हापुरांतील लहान पोरांच्या डोळ्यांसमोरहि असे. त्या चित्रांत हा मुलगा बसला नाहीं, एवढेंच. मात्र त्यास मातींत एकदां उतरवून पाहण्यास पांच मिनिटें लागलीं असतीं. प्राचार्यांस कुस्तींतलें अधिक कळत होतें असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांनीं पाहण्यापूर्वीं ठरविलें नाहीं.

पुढें १९४८ सालीं लंडन येथें ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनीं खर्चास साहाय्य केलें आणि खाशाबा ५२ किलो वजनाच्या गटांत उतरले. तोंवर त्यांचें सारें शिक्षण मातींत झालेलें. मातींत पाय रुततो, धीर धरून प्रतिपक्ष्यास दमवितां येतें, आणि एक जण चीत झाला म्हणजे निकाल लागतो. गादीवरची कुस्ती निराळी. तेथें पायाला मातीचा आधार नाहीं, वेळ घड्याळावर मोजलेला, आणि कोणीच चीत झाला नाहीं तर पंच सांगतील तो विजयी. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांचें मार्गदर्शन त्यांस या वेळीं लाभलें. परंतु गादीची संवय अशी थोड्या दिवसांत थोडीच होते! ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस हरवून ते इराणच्या मल्लापुढें हरले, आणि त्यांचा क्रमांक सहावा लागला.

सहावा क्रमांक म्हणजे काय? ज्यास निवाडा करावयाचा आहे त्यास तो अगदीं सोपा आहे: पदक नाहीं, विषय संपला. पण त्या सहाव्या क्रमांकाकडे दुसऱ्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे निराळाच हिशेब दिसूं लागतो. जो गादीवर जवळजवळ नवखा होता तो जगांतील पहिल्या सहांत आला. मग गादी अंगवळणी पडल्यावर तो कोठवर जाईल? खाशाबांनीं हा दुसरा हिशेब मांडला. पुढचीं चार वर्षें त्यांनीं मेहनत वाढविली, अंगांत ताकद भरली, आणि वरच्या ५७ किलोच्या गटांत जाण्याची तयारी केली. त्यांचा आवडता डाव ‘ढाक’ हा होता. (ज्या अक्षराला आपण इतकें हिणवतों त्याच अक्षरानें या डावाचा आरंभ होतो, हें जातां जातां सांगावेंसें वाटतें.)

१९५२ च्या निवडीच्या वेळींहि त्यांस प्रथम डावललें गेलें. पटियाळाच्या महाराजांकडे त्यांनीं दाद मागितली, पुन्हां कुस्ती लावण्यांत आली, आणि ती त्यांनीं जिंकली. हेलसिंकी येथें त्यांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविलें; जपानचा शोहाची इशी आणि रशियाचा रशीद मामेदबेकोव या दोघांकडूनच ते हरले, आणि त्या दोघांनींच सुवर्ण व रौप्य पदकें घेतलीं. २३ जुलै १९५२ या दिवशीं खाशाबांस कांस्यपदक मिळालें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरें वैयक्तिक पदक येण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. तें टेनिसमध्यें लिअँडर पेस यांनीं मिळविलें.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ डॉ. कॅरोल ड्वेक यांनीं अनेक वर्षें शाळेंतील मुलांचा अभ्यास करून असें दाखविलें कीं, माणसाच्या बुद्धीविषयीं आपल्या मनांत दोन प्रकारच्या समजुती असतात. कांहीं लोक बुद्धि व स्वभाव हे जन्मतःच कोरून दिलेले मानतात. कांहीं लोक तीं योग्य मार्गानें वाढणारीं आहेत असें मानतात. पहिलीस आपण स्थिर वृत्ति म्हणूं, दुसरीस वर्धिष्णु वृत्ति. ‘वर्धिष्णु’ हा शब्द शिवछत्रपतींच्या राजमुद्रेमुळें महाराष्ट्रास नवा नाहीं. प्रतिपदेच्या चंद्राच्या कलेविषयीं तो तेथें योजला आहे. बाईंचें या विषयावरील पुस्तक २००६ सालीं निघालें आणि जगभर वाचलें गेलें.

लोक या पुस्तकाची आठवण काढतात ती बहुधा स्वतःच्या प्रगतीसाठीं. पण त्यांच्या संशोधनाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाहीं. १९९७-९८ च्या सुमारास बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखवून दिलें कीं, स्थिर वृत्तीची माणसें दुसऱ्याविषयीं फार थोड्या पुराव्यावर मत बनवितात. एक उद्धट शब्द ऐकला कीं तो मनुष्य उद्धट. एक दिवस उशीर झाला कीं तो आळशी. समाजांतील एखाद्या गटाविषयींचे ठराविक ग्रह ते अधिक सहज स्वीकारतात. आणि २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तर असें आढळलें कीं, अशा वृत्तीच्या अधिकाऱ्यांस हाताखालच्या माणसाचें काम पहिल्यानें वाईट आणि नंतर सुधारलेलें दाखविलें, तरी ती सुधारणा त्यांच्या नीटशी ध्यानांत येत नाहीं. डोळे मिटतात असें मी वर म्हटलें तें याच अर्थानें. ‘ढ’ ठरविलेल्या मुलास एके दिवशीं बरोबर उत्तर आलें तर आपण काय म्हणतों? ‘कोणाचें पाहून लिहिलेंस?’

निंदेप्रमाणें स्तुतीचाहि निवाडा होऊं शकतो, हें पुष्कळ आईबापांच्या लक्षांत येत नाहीं. १९९८ सालीं ड्वेकबाई व क्लॉडिया म्यूलर यांनीं दहा-बारा वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. सर्वांस सोपीं कोडीं घातलीं. तीं सुटल्यावर कांहींस म्हटलें, ‘तूं हुशार आहेस’. कांहींस म्हटलें, ‘तूं मेहनत घेतलीस’. मग सर्वांस मुद्दाम अवघड कोडीं दिलीं. त्यांत सर्वच अडखळले. त्यानंतर पुन्हां सोपीं कोडीं दिलीं, तेव्हां ‘हुशार’ म्हणून गौरविलेलीं मुलें पहिल्यापेक्षांहि मागें पडलीं, आणि ‘मेहनती’ म्हटलेलीं पुढें गेलीं. आणखी एक गोष्ट घडली ती मनास चटका लावणारी आहे. दुसऱ्या शाळेंतील मुलांस आपले गुण लिहून कळवा असें सांगितलें, तेव्हां ‘हुशार’ म्हटलेल्यांपैकीं दहांतील जवळजवळ चौघांनीं खोटे गुण लिहिले. तीं मुलें लबाड नव्हतीं. त्यांस एक बिरुद दिलें होतें, आणि तें जाईल या भीतीनें त्यांनीं तें कसेंबसें धरून ठेवलें.

बुद्धि मोजण्याच्या ज्या परीक्षा जगभर चालतात त्यांचा जनकहि याच बाजूचा होता, हें वाचून कित्येकांस आश्चर्य वाटेल. आल्फ्रेड बिने या फ्रेंच पंडितानें थिओडोर सिमाँ यांच्या साहाय्यानें १९०५ सालीं पहिली कसोटी तयार केली. कोणत्या मुलांस अधिक मदत लागेल हें शोधून काढावें, हा तिचा हेतु होता. मुलाची बुद्धि म्हणजे ठरलेलें माप, त्यांत भर पडावयाची नाहीं, असें म्हणणाऱ्यांचा त्यानें १९०९ च्या आपल्या ग्रंथांत कडक निषेध केला. मागें पडलेल्या मुलांसाठीं त्यानें मनाचे व्यायाम योजिले. त्यांत पुतळ्याप्रमाणें निश्चल उभें राहण्याचा एक खेळहि होता, लक्ष एकाग्र व्हावें म्हणून. १९११ सालीं तो वारला. पुढें ती कसोटी अमेरिकेंत गेली आणि तिच्यावरून मुलांच्या कपाळीं कायमचे आंकडे मारण्यांत येऊं लागले. कोणास मदत करावी हें कळण्यासाठीं केलेलें माप कोणास सोडून द्यावें हें ठरविण्यास वापरलें गेलें.

एका मुलावर अन्याय होतो तेव्हां तो एका घरापुरता असतो. सबंध जातींवर असा शेरा मारला जातो तेव्हां काय होतें हें आपल्या देशाइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असेल? अमक्यांनीं शिकावयाचें, अमक्यांच्या डोक्यांत विद्या शिरावयाचीच नाहीं, असें पिढ्यान् पिढ्या म्हटलें गेलें. आणि शाळेचें दार बंद ठेवून, तीं मुलें शिकलीं नाहींत हाच त्याचा पुरावा म्हणून दाखविला गेला. शाहू छत्रपतींनीं या शेऱ्यास वादानें उत्तर दिलें तसें कृतीनेंहि दिलें. १९०१ पासून त्यांनीं कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढण्यास हात घातला. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानें संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा ५० जागा राखून ठेवल्या. आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा कायदा केला. हीं मुलें शिकूं शकतील कीं नाहीं, हें त्यांस आधीं शिकवून मग पाहूं, असा त्याचा अर्थ होता.

याच कोल्हापुरांत शिकलेले कुंभोजचे भाऊराव पाटील यांची गोष्ट पालकांस ठाऊक असेल. १८८७ सालीं जन्मलेले हे गृहस्थ राजाराम हायस्कुलांत होते, पण मॅट्रिकचा उंबरठा त्यांनीं ओलांडला नाहीं. शाळेच्या निकालपत्रकावरून पाहिलें तर तेथें त्यांचें शिक्षण फसलें, असेंच कोणीहि म्हणालें असतें. १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली. ‘कमवा आणि शिका’ या रीतीनें हजारों गरीब मुलांस शिकविलें. आणि १९५९ सालीं पुणें विद्यापीठानें त्यांस डी. लिट्. ही पदवी अर्पण केली.

या ठिकाणीं एक सावधगिरीची सूचना देणें मला अवश्य वाटतें. कारण चांगल्या विचाराचीहि काठी करून ती दुसऱ्याच्या पाठींत घालण्याची कला आपणांस साधलेली आहे. ‘सर्व कांहीं मेहनतीनें साध्य होतें’ असें एकदां मान्य केलें, कीं जो मागें राहिला त्यास ‘तूं मेहनतच केली नाहींस, तुझी वृत्तीच वाईट’ म्हणावयास आपण मोकळे. म्हणजे ‘ढ’ गेला आणि ‘आळशी’ आला; निवाडा होता तेथेंच राहिला. शिवाय, नुसता विचार पालटल्यानें चमत्कार घडतो असेंहि नाहीं. २०१९ सालीं अमेरिकेंत नववीच्या सुमारें बारा हजार विद्यार्थ्यांवर केलेला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. बुद्धि वाढते हें समजावून देणारे एक तासाहूनहि कमी वेळाचे धडे त्यांस दिले होते. मागें असलेल्या मुलांचे गुण त्यामुळें वाढले खरे, पण चार गुणांच्या मोजपट्टीवर ती वाढ सुमारें एक-दशांश गुण एवढीच होती. आणि ज्या शाळांतील सोबत्यांस अवघड काम अंगावर घेण्याची आवड होती तेथेंच ती अधिक दिसली. एक तासाचा उपदेश आणि त्याचें एवढें फळ, हें कमी नाहीं. पण उरलेलें काम उपदेशानें व्हावयाचें नाहीं. ज्या मुलाच्या घरीं अभ्यासास कोपरा नाहीं त्यास वृत्तीवर व्याख्यान देण्यापेक्षां शाळेची एक खोली संध्याकाळीं उघडी ठेवावी.

मुलांनो, तुम्हीहि एकमेकांचे न्यायाधीश असतां, आणि तुमचे निवाडे मास्तरांच्या शेऱ्यांपेक्षां अधिक टिकतात. टोपणनांवें तर आयुष्यभर पुरतात. तुमच्या वर्गांतील एक मुलगा रोज पहिल्या तासास उशिरा येतो असें समजा. तुम्ही म्हणतां, ‘झोंपाळू आहे.’ पण तुम्हांस एखाद्या दिवशीं उशीर होतो तेव्हां गाडी चुकलेली असते, पाऊस असतो, नाहीं तर चप्पल तुटलेली असते! आपल्या चुकीला कारण असतें, दुसऱ्याच्या चुकीला स्वभाव असतो. कुसळ-मुसळाची म्हण तुम्ही जाणतांच. शुभवर्तमानांतहि हाच दृष्टांत आहे. कदाचित् तो मुलगा पहांटे उठून घरोघर दूध घालून येत असेल. कदाचित् तो खरोखरच झोंपाळू असेल. ‘तुला उशीर कां होतो रे?’ असें विचारल्यावांचून यांतलें काय खरें हें कळण्याचा दुसरा मार्ग मला तरी ठाऊक नाहीं.

पालकांस एकच विनंति आहे. प्रगतिपुस्तक घरीं आलें म्हणजे ‘शेजारच्या मुलाला किती मिळाले?’ हा प्रश्न प्रथम विचारूं नये. त्या प्रश्नानें आपलें मूल कोठें उभें आहे तें कळतें, पण कोणत्या दिशेनें चाललें आहे तें कळत नाहीं. मागच्या सहामाहीची उत्तरपत्रिका जवळ घ्यावी, या सहामाहीची तिच्याशेजारीं ठेवावी, आणि कोणती चूक गेली व कोणती राहिली तें मुलासच दाखवूं द्यावें. राहिलेली चूक मास्तरांस चिठ्ठी लिहून कळवावी. आम्ही पन्नास-साठ मुलांत ती पाहिलेली नसण्याचा संभव आहे.

मेहनतीस दुसऱ्याचा हात लागतो, याचें प्रत्यंतर खाशाबांच्याच चरित्रांत आहे. हेलसिंकीस जाण्याची पात्रता सिद्ध झाली, शरीर तयार झालें, पण खर्चास पैसा नव्हता. मेहनतीनें जें मिळण्यासारखें होतें तें त्यांनीं मिळविलें होतें. बोटीचें अथवा विमानाचें भाडें जोर-बैठका काढून मिळत नाहीं. कऱ्हाडकडील लोकांनीं यथाशक्ति वर्गणी केली. तरीहि रक्कम पुरी होईना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार रुपये! पदक मिळेल याची हमी त्यांस कोणीं दिली नव्हती. मागला पुरावा काय तो लंडनच्या सहाव्या क्रमांकाचा.

पदक घेऊन खाशाबा परत आले, तेव्हां कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती ओसरल्यावर त्यांनीं कोल्हापुरांत कुस्त्यांचें मैदान भरविलें. त्यांत ते स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचें घर सोडविलें.